सशाच्या आतड्यातली पांढरी रेघ

स्वादुपिंडाला सूज येऊन, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस होऊन, आठ-दहा दिवस रुग्णालयात काढलेला माणूस घरी जायला निघाला की नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो: आता याला खायला काय द्यायचं? सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, आणि त्याची घरोघरी काढली जाणारी दोन उत्तरंही पाहत आलो आहे. काही घरांत अशक्तपणा भरून काढायचा म्हणून तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, मटणाचा रस्सा सुरू होतो आणि पंधरा दिवसांत रुग्ण पुन्हा पोट धरून तातडीच्या विभागात येतो. काही घरांत याच्या उलट घडतं. भाताची पेज आणि वरणाचं पाणी यांवर माणसाला महिनोन् महिने ठेवतात, तेलाचा थेंब वर्ज्य होतो आणि फेरतपासणीला येतो तो हाडांचा सापळा. पहिल्या प्रकारातली चूक लगेच कळते. दुसरीला मात्र पथ्य म्हणतात, म्हणून ती अधिक काळ टिकते.

ही दोन्ही टोकं टाळायची तर स्वादुपिंड नेमकं करतं काय, हे ठाऊक हवं. जठरामागे आडवी पडलेली, साधारण वीतभर लांबीची ही ग्रंथी. तिचा पचनाशी, विशेषतः स्निग्ध पदार्थांच्या पचनाशी असलेला संबंध ज्या माणसाने ठामपणे सिद्ध केला, त्या क्लोद बर्नार यांची गोष्ट आज सांगायची आहे. त्यांच्या प्रयोगांतून निघालेला आहाराचा हिशेब आम्ही आजही वापरतो. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पोटाच्या दुखण्याने त्यांनाच महिनोन् महिने अंथरुणाला खिळवलं होतं.

बर्नार यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्सच्या बोजोले भागातल्या सँ-ज्युलियाँ या खेड्यात झाला. हा सगळा परिसर द्राक्षमळ्यांचा. वडील द्राक्षं पिकवत आणि वाइनचा व्यापार करत, पण धंद्यात फारसं यश नव्हतं. गावच्या धर्मगुरूंकडे क्लोद लॅटिन शिकला, पुढे जवळच्या शाळांत गेला. तिथे विज्ञान जवळजवळ नव्हतंच. पैशाअभावी शिक्षण थांबलं आणि १८३२ मध्ये ल्योन शहराच्या वेशीवरच्या वेझ या उपनगरात एका औषधविक्रेत्याकडे तो उमेदवार म्हणून लागला. बाटल्या धुणं, पुड्या बांधणं, लेप घोटणं अशी कामं. त्या दुकानात थेरियाक नावाचं एक जुनं, सर्व रोगांवर चालणारं औषध खपत असे. दुकानातली उरलीसुरली, बिघडलेली द्रव्यं फेकायची नाहीत, ती थेरियाकसाठी बाजूला ठेवायची, अशी मालकाची आज्ञा होती. गिऱ्हाइकांना मात्र त्याचा गुण हमखास येई. औषधाचा गुण आणि औषधावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मुलाने अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात काउंटरमागे उभं राहून पाहिलं.

त्याचा जीव मात्र नाटकात होता. त्याने लिहिलेली एक छोटी संगीत सुखांतिका ल्योनच्या रंगमंचावर आली आणि बरी चाललीही. तेवढ्यावर त्याने पाच अंकी ऐतिहासिक शोकांतिका लिहिली आणि ती बगलेत मारून १८३४ मध्ये पॅरिस गाठलं. सँ-मार्क जिरार्दँ या नामवंत समीक्षकाने ती वाचली आणि पोटासाठी आधी एखादा व्यवसाय शिकण्याचा सल्ला दिला. औषधांची ओळख होतीच, तेव्हा वैद्यकच शिकावं असं ठरलं. वैद्यकाच्या इतिहासाला इतका उपयोगी पडलेला नाट्यसमीक्षक दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

विद्यार्थी म्हणून बर्नार सामान्य होते. १८३९ च्या रुग्णालय-उमेदवारीच्या परीक्षेत निवडल्या गेलेल्या एकोणतीस जणांत त्यांचा क्रमांक सव्विसावा. पण त्यांच्या हातात विलक्षण कसब होतं आणि ते फ्रांस्वा माजान्दी यांनी हेरलं. माजान्दी हे कॉलेज द फ्रान्समधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. फटकळ, संशयी, प्रयोगापलीकडे कशावरही विश्वास न ठेवणारे. १८४१ मध्ये त्यांनी बर्नारना आपला प्रयोगसहायक केलं. १८४३ मध्ये बर्नारना वैद्यकाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता जठररस आणि पोषणातलं त्याचं काम. पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या परीक्षेत ते नापास झाले. हाती नोकरी नाही, पैसा नाही. गावी परतून डॉक्टरकी करावी, इथवर विचार आला होता.

त्यातून वाट निघाली ती लग्नाची. १८४५ मध्ये एका पॅरिसी डॉक्टरच्या मुलीशी, फॅनी मार्तँ हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तिच्या हुंड्याच्या पैशावर संशोधन चालू राहिलं. नवरा आज ना उद्या सुस्थितीतला डॉक्टर होईल अशी पत्नीची अपेक्षा असावी. तो मात्र दिवस-रात्र तळघरात जिवंत प्राण्यांवर शस्त्रक्रिया करत बसलेला. दोन मुलगे लहानपणीच गेले, दोन मुली वाढल्या. पुढे पत्नी आणि मुली प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कट्टर विरोधक झाल्या आणि शेवटी घर मोडलं. फॅनीबाईंना चरित्रकारांनी बहुधा खलनायिका करून टाकलं आहे, ते मला पटत नाही. बर्नार यांचे सुरुवातीचे प्रयोग भूल देण्याचं तंत्र माहीत होण्याआधीचे आहेत. त्या प्राण्यांच्या यातना खऱ्या होत्या, आणि त्या प्रयोगांतून मिळालेलं ज्ञान आज माझ्या रुग्णांना जगवतं, हेही खरं आहे. यातलं एक सांगून दुसरं लपवण्यात अर्थ नाही.

आता सशांकडे येऊ. १८४६ मध्ये बाजारातून काही ससे प्रयोगशाळेत आणले गेले. त्यांनी टेबलावर लघवी केली आणि ती स्वच्छ, पाण्यासारखी असल्याचं बर्नार यांच्या नजरेने टिपलं. सशाची लघवी गढूळ आणि अल्कधर्मी असते, कारण तो गवत खातो. स्वच्छ आणि आम्लधर्मी लघवी ही मांसाहारी प्राण्याची खूण. दुसऱ्या कुणी टेबल पुसून टाकलं असतं. बर्नार यांनी विचार केला, की या सशांना बहुधा बराच वेळ खायला मिळालेलं नाही. उपाशी प्राणी स्वतःच्याच मांसावर जगतो, म्हणजे तो तात्पुरता मांसाहारीच झाला. त्यांनी सशांना गवत घातलं, लघवी गढूळ झाली. उपाशी ठेवलं, पुन्हा स्वच्छ झाली. मग उकडलेलं गोमांस खायला दिलं (ससे ते खातात), तरीही स्वच्छच राहिली.

उपाशी माणूस स्वतःचे स्नायू खातो, हे यातून दिसलं. स्वादुपिंडाच्या आजारात आम्ही रुग्णाला उगाच उपाशी का ठेवत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उत्तर त्याच सशांच्या पोटात होतं. मांस खाल्लेल्या सशांचं पोट उघडल्यावर आतड्याच्या आवरणात बारीक पांढऱ्या, दुधाळ रेघा दिसल्या. स्निग्ध पदार्थ पचून शोषले गेले की ते या वाहिन्यांतून वाहू लागतात आणि त्या पांढऱ्या होतात, एवढं तेव्हा माहीत होतं. कुत्र्यात या रेघा जठर संपल्यावर लगेच दिसू लागतात. सशात मात्र त्या बऱ्याच खाली, तीस-पस्तीस सेंटीमीटर अंतरावर सुरू होत होत्या. कुत्र्यात पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जवळजवळ उघडतात. सशात पित्ताची नळी वर, पण स्वादुपिंडाची मुख्य नळी पुष्कळ खाली उघडते. पांढऱ्या रेघा नेमक्या तिथून पुढे होत्या. म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवण्याचं काम स्वादुपिंडाच्या रसाशी बांधलेलं होतं.

मग बर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत चांदीची बारीक नळी बसवून तो रस गोळा केला. तेलात किंवा लोण्यात मिसळून किंचित ऊब दिली की त्याचं लगेच दुधासारखं मिश्रण होई आणि थोड्या वेळाने ते आंबट होई. स्निग्ध पदार्थ फुटून त्याची आम्लं आणि ग्लिसरीन वेगळी होत होती. आज आपण या कामगाराला लायपेज म्हणतो. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. शस्त्रक्रियेनंतर ग्रंथी सुजली की रस पातळ, भरपूर आणि निकामी होई. पहिल्या काही तासांतला दाट, चिकट रसच काय तो काम करी. सूज आलेलं स्वादुपिंड रस गाळतं, पण त्या रसात दम नसतो, हे पॅन्क्रियाटायटिसमधून उठलेल्या प्रत्येक रुग्णाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फ्रेंच विज्ञान अकादमीने या कामाचा गौरव केला आणि १८५६ मध्ये स्वादुपिंडावरचा त्यांचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध झाला.

प्रयोगासाठी पोटात नळी बसवलेला एक कुत्रा एकदा प्रयोगशाळेतून पळाला, ही हकिगत बर्नार यांनी स्वतःच नोंदवली आहे. तो निघाला त्या भागातल्या पोलीस आयुक्ताचा. बोलावणं आलं. बर्नार यांनी जाऊन सगळं सांगितलं, कुत्रा सुखरूप परत केला आणि तो अधिकारी उलट त्यांचा पाठीराखा झाला. त्या काळात अशा माणसाची गरजही होती, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून प्रयोगशाळा बंद पडण्याची वेळ वारंवार येई.

याच काळात बर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडात नळीतून पित्त आणि ऑलिव्हचं तेल सोडून पाहिलं. ग्रंथी भयंकर सुजली. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेला पॅन्क्रियाटायटिस म्हणून वैद्यकाच्या इतिहासात याचा उल्लेख होतो. स्वादुपिंडाचे रस खरं तर आतड्यात पोहोचल्यावर जागे व्हायला हवेत; ते ग्रंथीतच जागे झाले की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. पित्ताशयातला एखादा लहानसा खडा दोन्ही नळ्यांच्या सामाईक तोंडाशी अडकला की असंच होऊ शकतं, हे युजीन ओपी यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत शवविच्छेदनातून दाखवलं. माझ्या वॉर्डातही पित्तखडे आणि दारू हीच या आजाराची दोन मोठी कारणं आहेत. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स १००० मिलिग्रॅमच्या वर जाणं हे तिसरं. कारण कोणतं, यावर पुढचं पथ्य अवलंबून असतं. खड्याचा रुग्ण कितीही मऊ भात खाईना, पित्ताशय काढून टाकल्याखेरीज त्याची सुटका नाही. दारूच्या रुग्णाला बिअर चालते का, वाइन चालते का, असे प्रश्न पडतात. उत्तर एकच: काहीही चालत नाही, थेंबभरही नाही. तंबाखू आणि विडीही स्वादुपिंडाला तितकीच जाचते, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

ग्रंथी रंग बदलते हेही बर्नार यांनी पाहिलं होतं: उपाशीपोटी फिकी, जेवणानंतर रक्ताने भरलेली लालसर. अन्न आलं की ती कामाला लागते. या निरीक्षणातून पुढच्या पिढ्यांनी एक सरळ वाटणारा निष्कर्ष काढला, की सुजलेल्या ग्रंथीला विश्रांती हवी, म्हणून रुग्णाला उपाशी ठेवा. विसाव्या शतकाचा मोठा भाग आम्ही डॉक्टरांनी हेच केलं. मी शिकत होतो तेव्हा तोंडाने काहीही नाही, शिरेतून सलाइन, नाकातून नळी आणि रक्ततपासणी पूर्ववत होईपर्यंत वाट, हा शिरस्ता होता. पुढे कळत गेलं की रिकामं राहिलेलं आतडं दुबळं होतं, त्याच्या भिंतीतून जंतू आत शिरतात आणि मेलेल्या स्वादुपिंडाच्या भागात जंतुसंसर्ग होतो. तो जीव घेतो. म्हणून आज सौम्य आजारात वेदना उतरली, उलटी थांबली, भूक लागली की एक-दोन दिवसांतच खायला सुरू करतात, आणि तेही नुसत्या पाण्यासारख्या पेजेपासून नाही. मऊ, कमी तेलाचं साधं जेवण थेट दिलं तरी चालतं. आजार गंभीर असेल आणि तोंडाने जात नसेल, तर शिरेतून पोषण देण्यापेक्षा नाकातून नळी घालून आतड्यात अन्न पोहोचवणं बरं. सशांच्या लघवीने सांगितलं होतं तेच पुन्हा सिद्ध झालं. उपाशी शरीर थांबून राहत नाही, स्वतःला खात राहतं.

घरी गेल्यावर पहिले काही आठवडे काय? दिवसातून तीन मोठी जेवणं नकोत, पाच-सहा लहान खाणी हवीत. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा. दूध तापवून, गार करून, साय काढून घ्यावं. त्याचंच दही, ताक. प्रथिनं भरपूर हवीत, कारण झिजलेले स्नायू त्यातूनच भरून येतात: डाळी, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेले किंवा कमी तेलातले मासे, पाण्यात शिजवलेलं कोंबडीचं कातडी काढलेलं मांस. फोडणीचं धरून दिवसाला तीन-चार छोटे चमचे तेल या काळात पुरे. लोक तेलाची बाटली मोजतात, पण लपलेलं तेल विसरतात. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे मूठभर दाण्यांत, साधारण पंधरा ग्रॅम तेल असतं. आपल्याकडे भाजीत कूट, आमटीत ओलं खोबरं, चटणीत पुन्हा दाणे. उपवासाच्या दिवशी तर दाण्याचं कूट आणि तुपाने माखलेली साबुदाण्याची खिचडी. आजारातून उठलेल्या माणसाने उपवासच करू नये; कडकडीत उपाशी राहणंही वाईट आणि उपवासाचं खाणंही. फरसाण, भजी, बिर्याणी यांची नावं घेण्याची गरज नाही, पण बिस्किटांतलं आणि खारीतलं वनस्पती तूप कुणी मोजत नाही म्हणून सांगितलं.

पण हे बंधन जन्मभराचं नाही, हा मुद्दा बहुतेक कागदी सूचनांत हरवतो. सौम्य आजार एकदाच झाला आणि कारण दूर केलं, तर काही आठवड्यांत माणूस घरच्या नेहमीच्या, बेताच्या तेलाच्या जेवणावर येतो. ज्यांची ग्रंथी मोठ्या प्रमाणात नष्ट झाली आहे किंवा ज्यांचा आजार जुना झाला आहे, त्यांचं काय? बर्नार यांनी स्वादुपिंड निकामी केलेल्या कुत्र्यांच्या विष्ठेत न पचलेली चरबी जशीच्या तशी पडे. माणसात हेच दिसतं: फिकट, तेलकट, घाण वासाचा मळ, पाण्यावर तरंगणारा, ओतलेल्या पाण्याने सहज न जाणारा; जोडीला उतरणारं वजन. आपल्याकडे शौचाविषयी डॉक्टरशीही बोलायला लाज वाटते, त्यामुळे ही खूण सांगायला रुग्ण महिने लावतो. अशा माणसाचं तेल-तूप आणखी तोडलं तर तो खंगतो आणि अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही त्याला मिळत नाहीत. हाडं ठिसूळ होतात. त्याला हवा असतो बाहेरून दिलेला तोच रस. स्वादुपिंडातल्या पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल मिळतात. त्या उपाशीपोटी किंवा जेवण आटोपल्यावर घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना मधे घ्यायच्या, म्हणजे अन्न आणि रस आतड्यात एकत्र पोहोचतात. ही द्रव्यं डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. काही रुग्णांना ते धर्माने किंवा मनाने चालत नाही, म्हणून आधी स्पष्ट सांगावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा, असं माझं मत आहे.

बर्नार यांचं स्वादुपिंडाविषयीचं सगळंच बरोबर होतं असं नाही. स्निग्ध पदार्थांच्या पचनाचं श्रेय त्यांनी स्वादुपिंडालाच दिलं. पित्ताचाही त्यात तेवढाच हात असतो, हे त्यांचाच विद्यार्थी आल्बेर दास्त्र याने नंतर दाखवलं. त्याहून मोठी चुकामूक मधुमेहाची. यकृत साखर साठवतं आणि सोडतं, हे बर्नार यांनीच शोधलं. १८५७ मध्ये यकृतातलं ग्लायकोजेन त्यांनी वेगळं काढलं. स्वादुपिंडही त्यांच्या हाताखालून शेकडो वेळा गेलं होतं. तरी मधुमेहाचं मूळ त्यात असू शकतं हे त्यांना दिसलं नाही. नळीतून तेल घालून ग्रंथी नष्ट केली तरी इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटं तगून राहतात, त्यामुळे त्या कुत्र्यांना मधुमेह झालाच नाही. १८८९ मध्ये मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी आख्खं स्वादुपिंड काढलं तेव्हा लघवीत साखर आली. आमच्या रुग्णांना पॅन्क्रियाटायटिसनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी मधुमेह होऊ शकतो. म्हणून ताकदीसाठी ग्लुकोजचं पाणी आणि डब्यातले फळांचे रस पाजत राहू नये, आणि साखरेची तपासणी पहिल्या वर्षात तरी चुकवू नये.

१८५४ मध्ये सॉर्बोनमध्ये बर्नार यांच्यासाठी खास अध्यासन निर्माण झालं आणि त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीवर निवडून आले. १८५५ मध्ये माजान्दी वारले, त्यांची जागाही बर्नारना मिळाली. प्रयोगशाळा मात्र तीच ओल आलेली, अंधारी. १८६० च्या सुमारास त्यांच्या पोटाचं दुखणं सुरू झालं आणि पुढची काही वर्षं ते येत-जात राहिलं. १८६५-६६ मध्ये तर ते महिनोन् महिने कामावर जाऊ शकले नाहीत. आतड्याचा जुना दाह आणि त्यात स्वादुपिंड, यकृतही गुंतलेलं, असं अनुमान पुढे काही चरित्रकारांनी केलं. ते अनुमानच आहे. ते जगले त्या काळात या आजाराचं स्पष्ट वर्णनही झालं नव्हतं. बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी ते केलं १८८९ मध्ये, बर्नार यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

उपचार म्हणून ते गावी राहिले. सँ-ज्युलियाँमध्ये त्यांनी एक जुनं घर आणि मळा विकत घेतला होता. प्राणी नाहीत, नळ्या नाहीत, दुर्बळ शरीर आणि हाती वेळ. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी प्रायोगिक वैद्यकाची प्रस्तावना लिहिली. ती १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ बेत अनेक खंडांच्या ग्रंथाचा होता, ही त्याची नुसती सुरुवात. राहिलेली टिपणं १९४७ मध्ये छापली गेली. शरीराच्या पेशी बाहेरच्या जगात राहत नाहीत, त्या शरीरातल्याच द्रवरूप पर्यावरणात राहतात आणि ते स्थिर राखण्यासाठी सगळे अवयव झटत असतात, ही त्यांची कल्पना याच वर्षांत पक्व झाली. आम्ही अतिदक्षता विभागात क्षार, साखर, पाणी सारखं मोजत बसतो ते याच विचाराने.

आजारी मित्राला धीर यावा म्हणून लुई पाश्चर यांनी नोव्हेंबर १८६६ मध्ये एका वृत्तपत्रात बर्नार यांच्या कार्यावर मोठा लेख लिहिला. एका संशोधकाने दुसऱ्याविषयी त्याच्या हयातीत इतकं मोकळ्या मनाने लिहावं, हे तेव्हाही दुर्मीळ होतं. पुढे बर्नार सावरले. १८६८ मध्ये निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात त्यांना चांगली प्रयोगशाळा मिळाली, फ्रेंच अकादमीत निवड झाली, १८६९ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्यांना सिनेटचं सदस्यत्व दिलं. त्याच सुमारास पत्नी मुलींसह वेगळी झाली.

१८७७ च्या शरद ऋतूत ते नेहमीप्रमाणे द्राक्षतोडणीला गावी होते. द्राक्षरस आंबायला पाश्चर म्हणतात तसे सूक्ष्मजीव लागतातच असं नाही, असा संशय त्यांना येऊ लागला होता. कुणाला फारसं न सांगता त्यांनी प्रयोग केले, टिपणं खणात ठेवली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ते आजारी पडले. या वेळी मूत्रपिंडं निकामी होत होती. १० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्सने एका वैज्ञानिकाला सरकारी इतमामाने निरोप देण्याची ती पहिलीच वेळ. काही महिन्यांनी बर्तलो यांनी ती टिपणं छापली आणि पाश्चर हादरले. बारा वर्षांपूर्वी ज्याची स्तुती लिहिली त्याच मित्राला, तोही हयात नसताना, खोडून काढायचं होतं. त्यांनी आर्ब्वा गावच्या आपल्या मळ्यातल्या काही वेलींवर काचघरं उभारली, हवेतलं यीस्ट फळांवर बसू नये म्हणून. त्या घडांचा रस आंबला नाही.